दर्शक दिव्यांची भाषा
घरातील तापन-शीतन यंत्रणेचा दोष दिव्यांवरून कसा ओळखावा

कोणतेही यंत्र बंद पडले की माणसाचा पहिला हात बटणाकडे जातो आणि दुसरा दूरध्वनीकडे. या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे पाहणे. आजच्या बहुतेक विद्युत् यंत्रांवर लहान लहान दिवे बसविलेले असतात. त्यांतील काही सतत जळतात, काही लुकलुकतात, तर काही विझलेलेच असतात. आपण त्यांच्याकडे नुसते येता-जाता पाहतो. वस्तुतः यंत्राला वाचा असती तर ते जे बोलले असते, तेच हे दिवे सांगत असतात. ही भाषा थोडी अवगत करून घेतली तर पैसा वाचतो, वेळ वाचतो आणि प्रसंगी जीवही वाचतो. प्रस्तुत पाठात या भाषेची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. त्याला यंत्रशास्त्राचे शिक्षण नाही. परंतु एका प्रसंगाने त्याला हा विषय शिकविला. म्हणून आरंभ त्या प्रसंगापासूनच करणे उचित ठरेल.

डिंडोलीतील एक सकाळ

सुरत शहराच्या आग्नेय भागात, उधना-जळगाव लोहमार्गाच्या परिसरात डिंडोली ही वस्ती आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव २००६ साली शहराची हद्द वाढली तेव्हा सुरत महानगरपालिकेत आले. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागावर व रंगाई-छपाईच्या कारखान्यांत काम करण्यासाठी आलेली असंख्य कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती व हिंदी असा येथील भाषांचा व्यवहार असतो. पहिल्या पिढीने माग चालविले. पुढच्या पिढीतील अनेकांनी तांत्रिक शिक्षण घेऊन निरनिराळे व्यवसाय धरले.

माझे मामेभाऊ त्यांपैकीच एक. त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रशीतन व वातानुकूलन या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली वीस वर्षे ते याच कामावर उदरनिर्वाह करीत आहेत. त्यांची धाकटी बहीण लग्नानंतर पतीसमवेत कॅनडात, टोरोंटो शहराजवळ राहते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेलो होतो. सकाळी साडेआठच्या सुमारास आम्ही चहा घेत असताना बहिणीचा फोन आला. तेथे रात्रीचे दहा वाजले होते. बाहेर शून्याखाली पंधरा अंश तापमान, पती कामानिमित्त परगावी, आणि वरच्या मजल्यावरील खोली थंड पडत चाललेली. त्या खोलीत तिचे सहा महिन्यांचे मूल झोपले होते. खालचा मजला मात्र उबदार होता. तिने वरच्या मजल्यावरील तापमानाचा आकडा वाढवून पाहिला, पुन्हा वाढवून पाहिला. उपयोग झाला नाही. रात्री कारागीर बोलवायचा तर त्याची फी मोठी, आणि तो सकाळपूर्वी येईल याची खात्री नाही.

मामेभाऊ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दादाचं ऐक. आता कशालाही हात लावू नकोस. तळघरात जा आणि भट्टीशेजारच्या फळीवर कोणते दिवे लागले आहेत ते मला एकेक करून दाखव."

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी ही यंत्रणा कशी असते ते समजून घेतले पाहिजे.

विभागवार यंत्रणा आणि खानदेशातील फड

थंड देशांतील पुष्कळ घरांत तळघरात एक गॅसची भट्टी असते. मोठा पंखा घरातील हवा ओढून घेतो, ती भट्टीत तापवितो आणि पत्र्याच्या नळांवाटे प्रत्येक खोलीत पोचवितो. उन्हाळ्यात त्याच नळांतून थंड हवा सोडली जाते. परंतु साऱ्या घराला एकच तापमान मानवत नाही. वरचा मजला आणि खालचा मजला, उत्तरेची खोली आणि दक्षिणेची खोली यांच्या गरजा भिन्न असतात. म्हणून घराचे दोन, तीन वा अधिक विभाग पाडतात. प्रत्येक विभागाच्या भिंतीवर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान मोजून मागणी नोंदविणारे उपकरण बसवितात आणि प्रत्येक विभागाकडे जाणाऱ्या नळात विजेवर उघडणारी व मिटणारी झडप ठेवतात. या सर्वांवर लक्ष ठेवणारा एक नियंत्रण-फलक भट्टीजवळ असतो.

खानदेशातील वाचकांना ही रचना नवीन वाटू नये. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून चालत आलेली फड सिंचनपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला कालवा, कालव्याला फुटलेल्या चाऱ्या आणि लाभक्षेत्राचे पाडलेले फड. कोणत्या चारीत केव्हा पाणी सोडायचे हे पाटकरी पाहतो. शेतकरी स्वतः जाऊन दार उघडीत नाही. जादा झालेले पाणी सांडमातून नदीला परत जाते. आता बंधाऱ्याच्या जागी भट्टी, कालव्याच्या जागी हवेचा नळ, चारीच्या दाराच्या जागी झडप आणि पाटकऱ्याच्या जागी नियंत्रण-फलक अशी कल्पना केली की विभागवार यंत्रणा डोळ्यांसमोर उभी राहते. काही घरांत जादा हवा परत वळविण्यासाठी एक वेगळी झडप असते. ती तर सांडमाचेच काम करते.

फडात पाणी पोचले नाही तर आपण काय करतो? बंधाऱ्यापासून शेतापर्यंत चालत जातो आणि पाणी नेमके कोठे अडले ते पाहतो. यंत्रणेतील दोष शोधण्याची रीत यापेक्षा वेगळी नाही. फरक इतकाच की येथे चालत जावे लागत नाही. दिवे पाहिले की काम भागते.

हुकुमाचा प्रवास

या पाठातील मुख्य सूत्र येथेच सांगून ठेवतो. दिवा दोष सांगत नाही. हुकूम कोठवर पोचला आहे ते सांगतो. शासकीय कचेरीत एखादा अर्ज अडला तर आपण आवक नोंद, टिप्पणी, मंजुरी आणि जावक या क्रमाने शिक्के पाहतो. ज्या टेबलानंतरचा शिक्का नाही, तेथे कागद थांबला असे समजतो. दिव्यांचेही तसेच आहे.

विभागवार यंत्रणेत हुकुमाचा प्रवास साधारणतः पुढील टप्प्यांनी होतो.

पहिला टप्पा वीजपुरवठ्याचा. फलकाला घरातील मुख्य विजेवर न चालविता लहान रोहित्राच्या साहाय्याने २४ व्होल्ट इतक्या कमी दाबावर चालवितात. हा पुरवठा असल्याचे एक दिवा दाखवितो.

दुसरा टप्पा मागणीचा. खोली गार झाली की तेथील थर्मोस्टॅट फलकाकडे संदेश धाडतो आणि त्या विभागाचा दिवा लागतो.

तिसरा टप्पा झडपेचा. फलक मागणी करणाऱ्या विभागाची झडप उघडण्यास आणि इतर झडपा मिटण्यास सांगतो. बहुतेक फलकांवर उघड्या झडपेसाठी हिरवा दिवा असतो.

चौथा टप्पा यंत्राचा. फलक भट्टीला, शीतन यंत्राला अथवा केवळ पंख्याला चालू होण्याचा हुकूम देतो. त्यानुसार तापन, शीतन किंवा पंखा यांपैकी योग्य तो दिवा लागतो.

पाचवा टप्पा मर्यादेचा. नळातून निघणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा एक संवेदक असतो. तापनाच्या वेळी हवा फार तापली, किंवा शीतनाच्या वेळी फार गार झाली, तर फलक यंत्राला काही वेळ विश्रांती देतो आणि मर्यादेचा दिवा लावतो. गॅसच्या भट्टीसाठी ही वरची मर्यादा साधारणपणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. शीतनाची खालची मर्यादा पाण्याच्या गोठणबिंदूच्या थोडी वर ठेवतात. नाहीतर शीतन वेटोळ्यावर बर्फ धरते.

दिवे वाचण्याचा क्रम

आता हे दिवे क्रमाने वाचू या.

एकही दिवा नसेल तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. अशा वेळी भट्टी बिघडली असे मानू नये. भट्टीशेजारच्या भिंतीवर साध्या दिव्याच्या बटणासारखे एक बटण असते. साफसफाई करताना ते कोणाकडून तरी बंद होते. भट्टीचे दार नीट बसले नसेल तर दारामागील सुरक्षा-बटण दबत नाही आणि सारे यंत्र मृतवत् राहते. फिल्टर बदलल्यानंतर यंत्र बंद पडले, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या दारातच असते. त्यानंतर घराच्या मुख्य वीजफलकावरील संबंधित बटण पाहावे. फलकाच्या कमी दाबाच्या बाजूला ३ किंवा ५ अँपिअरचा लहान फ्यूज असतो; तो जळला असल्यास मात्र कारागीरच बोलवावा, कारण फ्यूज विनाकारण जळत नाही.

पुरवठ्याचा दिवा आहे पण विभागाचा दिवा नाही, तर मागणीच पोचलेली नाही. थर्मोस्टॅटमधील घट संपले असतील, तो तापनाऐवजी शीतनावर ठेवला गेला असेल, किंवा मधली तार सुटली असेल. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी घरातील कोणीही दुरुस्त करू शकतो.

विभागाचा दिवा आहे, परंतु यंत्राचा दिवा नाही, तर प्रथम घड्याळ पाहावे. यंत्र लागोपाठ चालू-बंद होऊ नये म्हणून फलक प्रत्येक वेळी काही मिनिटे मुद्दाम थांबतो. दुसरा विभाग विरुद्ध मागणी करीत असेल, म्हणजे एकाला ऊब हवी व दुसऱ्याला गारवा हवा असेल, तरीही एकाला वाट पाहावी लागते. ही प्रतीक्षा दोष नव्हे. पुष्कळ लोक या वेळी बटणे दाबत सुटतात. त्यामुळे प्रतीक्षेची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

झडपेचा दिवा लागला पण हवा येत नाही, ही अवस्था सर्वांत फसवी असते. झडप उघडण्याचा हुकूम सुटला एवढेच तो दिवा सांगतो. झडपेने तो पाळला की नाही हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. कचेरीतून आदेश निघाला म्हणजे गावात पूल बांधून झाला असे होत नाही, तसेच हे आहे. म्हणून दिव्यावर विश्वास ठेवून न थांबता खोलीतील जाळीसमोर पातळ कागदाची पट्टी धरावी. पट्टी हलली तर हवा येत आहे. न हलल्यास झडप अथवा तिची मोटर अडकली आहे.

मर्यादेचा दिवा लागला असेल, तर सारे टप्पे व्यवस्थित पार पडले आहेत आणि यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी हात आखडता घेतला आहे. याचे सर्वसाधारण कारण हवेची कोंडी हेच असते. फिल्टर धुळीने भरलेला, जाळ्या मिटलेल्या, किंवा त्यांवर गालिचा वा सामान ठेवलेले.

याखेरीज भट्टीच्या दारावरील लहान काचेतून आतला एक दिवा दिसतो. तो लुकलुकत असल्यास किती वेळा लुकलुकतो आणि मध्ये किती थांबतो, ते मोजावे. त्या संख्येचा अर्थ सांगणारा तक्ता बहुधा दाराच्या आतील बाजूस चिकटविलेला असतो. हे आकडे प्रत्येक उत्पादकाचे वेगवेगळे असतात. एका यंत्राचा तक्ता दुसऱ्याला लावू नये.

त्या रात्री काय घडले

आता पुन्हा त्या प्रसंगाकडे वळू. बहिणीने फोनच्या पडद्यावर फलक दाखविला. पुरवठ्याचा दिवा होता. वरच्या विभागाचा दिवा होता. त्याच्या झडपेचा हिरवा दिवाही होता. तापनाचा दिवा मात्र लागे आणि थोड्या वेळाने विझे, आणि तो विझताच मर्यादेचा दिवा उजळे. मामेभावांनी तिला तसेच दहा मिनिटे पाहत राहण्यास सांगितले. दहा मिनिटांत हे चक्र दोनदा घडले.

"भट्टी ठीक आहे, फलक ठीक आहे, झडपेलाही हुकूम मिळाला आहे," ते म्हणाले. "भट्टीचा श्वास कोंडला आहे. वर किती जाळ्या उघड्या आहेत?"

तेव्हा उलगडा झाला. वरच्या मजल्यावर चार जाळ्या. दोन खोल्या वापरात नव्हत्या, म्हणून गॅस वाचावा या हेतूने तिने तेथील दोन जाळ्या मिटून टाकल्या होत्या. तिसरीवर बाळाच्या सामानाची पेटी होती. उरलेल्या एका जाळीतून भट्टीची सारी उष्णता बाहेर पडणे शक्य नव्हते. त्यातच फिल्टर शरद ऋतूपासून बदललेला नव्हता. खालच्या मजल्यावर जाळ्या पुष्कळ असल्याने तेथे यंत्रणा कशीबशी चालत होती. वरच्या विभागाची पाळी आली की हवा कोंडून तापे आणि यंत्र थांबे. तापमानाचा आकडा वाढविल्याने मागणी अधिक वेळ टिकली, परंतु अडलेली वाट काही मोकळी झाली नाही.

भावाने सांगितल्याप्रमाणे तिने यंत्र बटणाने बंद केले, घरात असलेला नवा फिल्टर बाणाची दिशा पाहून बसविला, दार नीट लावले, वरच्या साऱ्या जाळ्या उघडल्या आणि पेटी हलविली. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तापनाचा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. पाऊण तासाने तिचा पुन्हा फोन आला. खोली उबदार झाली होती आणि मूल झोपले होते.

या साऱ्यात एक पैसा खर्च झाला नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की तिने तारेला हात लावला नाही. ती धीट स्वभावाची आहे. लहानपणी भावाबरोबर तिने अनेकदा फ्यूज बांधला होता. फलकाचे झाकण उघडू का, असे तिने विचारलेही होते. भावाने तिला स्पष्ट मनाई केली. त्याचे कारण प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. आपल्याकडील पारंपरिक तारजोडणीत लाल तार सजीव, काळी तार न्यूट्रल आणि हिरवी तार भूमिगत असते. उत्तर अमेरिकेत मात्र काळी तार हीच सजीव आणि पांढरी तार न्यूट्रल असते. डिंडोलीत काळ्या तारेला निर्धास्त समजणारा हात तेथे जीव गमावू शकतो. कमी दाबाच्या तारांना तेथे आर, डब्ल्यू, वाय, जी आणि सी अशी अक्षरे दिलेली असतात आणि अनुक्रमे पुरवठा, तापन, शीतन, पंखा व परतीची तार असा त्यांचा अर्थ असतो. परंतु कारागिराने रंगांचा संकेत पाळलाच असेल असेही नाही. दिवे वाचण्याची कला देशोदेशी उपयोगी पडते, रंगांवरचा विश्वास मात्र नाही.

आपल्या घरातील दिवे

आपल्याकडे विभागवार नळांची यंत्रणा घरांतून क्वचितच आढळते. परंतु भिंतीवरील वातानुकूलन यंत्र आता डिंडोलीसारख्या कामगारवस्तीतही आले आहे. एकाच बाह्य यंत्रावर दोन-तीन खोल्यांतील यंत्रे चालविण्याची पद्धतही रूढ होत आहे. त्यांनाही वरचेच सूत्र लागू पडते.

पहिला दिवा पाहावा तो स्टॅबिलायझरचा. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. दाब फार उतरला किंवा चढला तर स्टॅबिलायझर यंत्राकडे वीज सोडीत नाही आणि तसे दर्शविणारा दिवा लावतो. वीज जाऊन परत आल्यावरही तो सुमारे तीन मिनिटे थांबतो. त्यासाठी प्रतीक्षेचा स्वतंत्र दिवा असतो. कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समतोल होण्यास हा अवधी द्यावा लागतो. एवढे माहीत नसल्यामुळे कितीतरी कारागिरांना विनाकारण हेलपाटा घालावा लागतो.

दुसरा दिवा खोलीतील यंत्राचा. तो स्थिर असेल तर यंत्र आपले काम करीत आहे. खोली ठरविलेल्या तापमानाला आली की कॉम्प्रेसर मंदावतो किंवा थांबतो. हा बिघाड नव्हे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या निकषांनुसार २०२० सालापासून अशा यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. ज्याला १८ अंशांची सवय आहे, त्याला हे यंत्र नादुरुस्त वाटू शकते.

दिवा लुकलुकत असेल किंवा पडद्यावर अक्षर व आकडा दिसत असेल, तर तो सर्वप्रथम कागदावर उतरवून घ्यावा. त्यानंतर यंत्र बंद करून पाच मिनिटांनी सुरू करावे. तीच खूण पुन्हा आली तर कारागिराला फोनवर ती खूणच सांगावी. "एसी चालत नाही" असे सांगणे आणि "हिरवा दिवा पाच वेळा लुकलुकून थांबतो" असे सांगणे, यांत डॉक्टरांना "बरे नाही" म्हणणे आणि "तीन दिवस संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो" म्हणणे इतका फरक आहे. कारागीर योग्य तो सुटा भाग घेऊनच घरी येतो.

एका बाह्य यंत्रावर दोन खोल्या असतील आणि एका खोलीत थंड हवेची व दुसरीत गरम हवेची मागणी नोंदविली गेली, तर सामान्य बनावटीच्या यंत्रांत एका खोलीचे यंत्र नुसते थांबून राहते आणि त्याचा दिवा लुकलुकतो. दोन्ही दूरनियंत्रक एकाच स्थितीवर आणले की प्रश्न मिटतो.

आणि सर्वांत साधी गोष्ट फिल्टरची. तो दर पंधरा दिवसांनी धुवावा. यंत्रमागांच्या वस्तीत सुताचा तंतू हवेत तरंगत असतो. तेथे त्याहूनही लवकर धुवावा लागतो. मामेभावांच्या अनुभवानुसार उन्हाळ्यातील त्यांच्याकडील पुष्कळ तक्रारी केवळ नळाखाली फिल्टर धुतल्याने दूर होतात. ते हे काम गृहिणीला शिकवून येतात. त्यामुळे त्यांचा धंदा बुडाला नाही, उलट लोकांचा विश्वास वाढला.

हात कोठे थांबवावा

दिवे वाचता येऊ लागले म्हणजे दुरुस्ती करता येऊ लागली असे मानणे घातक होय. सामान्य नागरिकाने बटण, घट, फिल्टर, जाळ्या आणि दार यांपलीकडे जाऊ नये. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

गळतीरोधक बटण वारंवार पडत असेल तर ते बळजबरीने वर करू नये. वीज कोठेतरी अयोग्य मार्गाने जमिनीकडे जात आहे, असा त्याचा इशारा असतो.

बाह्य यंत्राचे झाकण उघडू नये. त्यातील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो आणि जबर धक्का देऊ शकतो.

वायू भरण्याचे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे. आज अनेक यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे.

गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण चालू वा बंद न करता घराबाहेर पडावे. कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारा भोंगा वाजल्यास तो बंद करण्यात वेळ न दवडता सर्वांनी उघड्यावर यावे. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. त्या भोंग्याखेरीज त्याची वार्ता देणारे दुसरे काही नसते. परदेशी असलेल्या मुला-मुलींना आपण खुशाली विचारतो, तेव्हा हा भोंगा घरात आहे ना, एवढे अवश्य विचारावे.

यंत्राची सुरक्षा-साधने दोरीने, चिकटपट्टीने वा तारेने दाबून ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दिवा विझविल्याने दोष जात नाही.

नोंदवहीचे महत्त्व

हा विषय केवळ सुखवस्तू घरांचा आहे, असा ग्रह होऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लस साठविण्याच्या शीतपेटीचे उदाहरण घ्यावे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात आणि त्या तापमानाची नोंद दिवसातून दोनदा केली जाते. त्या शीतपेटीच्या स्टॅबिलायझरचा दिवा विझलेला आहे हे सकाळी झाडलोट करणाऱ्या व्यक्तीच्या वेळीच लक्षात आले, तर गावातील बालकांच्या लसी वाया जात नाहीत. येथे दिवा वाचणारी व्यक्ती तज्ज्ञ असावी लागत नाही. कोणता दिवा नेहमी लागलेला असतो, एवढे तिला ठाऊक असावे लागते.

म्हणून प्रत्येक शाळेने, ग्रामपंचायतीने, कार्यालयाने आणि शक्य तर प्रत्येक घराने एक साधी गोष्ट करावी. यंत्र उत्तम चालू असताना त्यावरील दिवे कसे दिसतात ते एका कागदावर लिहून तो कागद यंत्राशेजारी लावावा. निरोगी माणसाची नाडी ज्याने पाहिली आहे, त्यालाच आजाऱ्याची नाडी कळते. बिघाड झाल्यास दिनांक, वेळ, दिव्याची स्थिती आणि केलेला उपाय या चार गोष्टी त्याखाली नोंदवाव्यात. वर्षअखेरीस ही नोंद पाहिली असता यंत्राची प्रकृती आपोआप ध्यानात येते.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

सातवी ते दहावीच्या वर्गांना पुढील उपक्रम देता येतील.

१. घरातील कोणत्याही तीन उपकरणांवरील दिव्यांची यादी करा. प्रत्येक दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते दोन स्तंभांत लिहा.

२. वीजमीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक होतात तो आकडा छापलेला असतो. समजा तो आकडा ३२०० आहे आणि एका मिनिटात दिवा ८० वेळा लुकलुकला. तर तासाला ४८०० वेळा लुकलुकेल, म्हणजे तासाला दीड युनिट वीज खर्च होईल. आपल्या घरी दुरूनच, मीटरला हात न लावता मोजणी करा. एक उपकरण बंद करून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकड्यांतील फरकावरून त्या उपकरणाचा खर्च काढा.

३. गावातील कालवा अथवा नळपाणी योजना यांचे चित्र काढा. पाणी न पोचल्यास कोणत्या क्रमाने तपासणी कराल ते लिहा आणि तोच क्रम वातानुकूलन यंत्रास लावून दाखवा.

डिंडोलीहून निघताना मी मामेभावांना विचारले, इतक्या दूरचे यंत्र तुम्ही न पाहता कसे ओळखलेत? ते म्हणाले, "मी कुठे ओळखलं? तिनं नीट पाहिलं आणि जसं दिसलं तसं सांगितलं. अर्धी दुरुस्ती तिथंच झाली."

नीट पाहावे, क्रमाने पाहावे, जे दिसले ते आहे तसे सांगावे आणि जेथे आपले ज्ञान संपते तेथे हात थांबवावा. यंत्र कोणतेही असो, हा नियम त्याला लागू पडतो.